लहान विमानात इंधन भरताना

विमानविद्येविषयीचे सर्वसामान्य कुतूहल बहुधा विमान हवेत चढल्यापासून सुरू होते आणि ते जमिनीवर उतरताच संपते. परंतु उड्डाण सुखरूप होईल की नाही, याचा निर्णय पुष्कळ वेळा जमिनीवरच, विमान उभे असताना, होऊन गेलेला असतो. जमिनीवरील कामांत इंधन भरण्याचे काम दिसायला सर्वांत साधे. झाकण उघडावे, नळी आत सोडावी, टाकी भरली की झाकण लावावे. मोटारगाडीच्या पंपावर रोज होणारे हेच काम विमानाच्या बाबतीत काही वेगळे असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. तथापि मोटारीचे इंजिन बंद पडले तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला अशी कड नसते.

भारतातील नियमित हवाई टपालाच्या आरंभीच हे काम किती साध्या साधनांनी होत असे, हे पाहण्यासारखे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका लहान पुस मॉथ विमानातून मुंबईकडे निघाले. वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी बर्मा शेल कंपनीने इंधन पाठविले ते चार गॅलनच्या डब्यांतून, आणि ते डबे आले बैलगाडीतून. त्या काळी अशा डब्यांतले पेट्रोल नरसाळ्यातून टाकीत ओतीत असत. आज नरसाळ्याची जागा पंपाने आणि मीटरने घेतली असली, तरी सांभाळावयाच्या गोष्टी मात्र त्याच राहिल्या आहेत: आत पाणी जाऊ नये, ठिणगी पडू नये, चुकीचा द्रव पडू नये आणि बाहेर काही सांडू नये.

बंगळूर शहराचा लहान विमानांशी असलेला संबंध जुना आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये तेथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना स्थापन केला. त्याच कारखान्यात कोल्हापूर भागातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एच. टी.-२ हे दोन आसनांचे शिकवणीचे विमान रचले. गटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली शिकलेल्या या शास्त्रज्ञाचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतात आरेखित झालेले आणि पुढे मोठ्या संख्येने बांधले गेलेले पहिले विमान म्हणून त्याचे नाव घेतले जाते. १९५८ मध्ये त्याच कारखान्यातून पुष्पक हे उड्डाण मंडळांसाठीचे हलके विमान बाहेर पडले. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे सरकारी उड्डाण प्रशिक्षण शाळा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांतच उभी राहिली. अशा शाळांतून शिकणाऱ्या वैमानिकाला विमानाचा दांडा हाती येण्यापूर्वी जे धडे मिळतात, त्यांत टाकीच्या तळातून काचेच्या पेल्यात थोडे इंधन काढून ते उजेडात धरून पाहणे हा एक असतो.

हे इंधन म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मोठ्या जेट विमानांत जाळले जाते ते इंधन रॉकेलच्या जातीचे असते. साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्यापासून पेट घेण्याजोगी वाफ सहसा तयार होत नाही. लहान विमानाच्या पिस्टन इंजिनात मात्र विमानी पेट्रोल लागते. त्याची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. म्हणजे बंगळूरची हवा कितीही आल्हाददायक असली, तरी या द्रवाच्या दृष्टीने ती नेहमीच पुरेशी उष्ण असते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती उडून वर जात नाही. जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि दूर असलेल्या ठिणगीपर्यंत पोचू शकते.

आज सर्वत्र वापरात असलेल्या विमानी पेट्रोलाला १०० एल. एल. असे नाव आहे. शंभर हा आकडा इंजिनातील अकाली स्फोटाला विरोध करण्याच्या त्याच्या शक्तीचा निदर्शक असून, पुढील दोन अक्षरे शिशाचे प्रमाण कमी असल्याचे सांगतात. हे ‘कमी’ मात्र सापेक्ष समजावे. एका लिटरात ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे त्यात असू शकते. मोटारीच्या पेट्रोलातून भारतात २००० साली शिसे हद्दपार झाले, पण विमानाच्या पेट्रोलात ते अजून टिकून आहे. ओळख पटावी म्हणून या इंधनाला निळा रंग देतात. जुन्या ८० प्रतीचे पेट्रोल तांबडे असे, अधिक शिशाचे १०० प्रतीचे हिरवे. आणि जेटचे इंधन बिनरंगी किंवा फिकट गवती असते. भारतात हे निळे पेट्रोल दीर्घकाळ परदेशातून येत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या आपल्या शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले स्वदेशी १०० एल. एल. बाजारात आणले.

आता पाण्याविषयी. पेट्रोलाचा एक लिटर सुमारे ७२० ग्रॅम भरतो, पाण्याचा एक किलो. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी खाली बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या तळाजवळूनच निघालेली असते. अवघे काही चमचे पाणी इंजिनाला गप्प करण्यास पुरेसे होते. यातील सर्वांत कपटी बाब अशी, की ते लगेच कळत नाही. इंजिन सुरू होते, विमान धावपट्टीपर्यंत चालत जाते, कारण नळ्यांत आणि कार्बोरेटरमध्ये आधीचे शुद्ध पेट्रोल शिल्लक असते. ते संपून पाण्याची पाळी येते तेव्हा विमान नुकतेच जमीन सोडून नाक वर करून चढत असते. त्या क्षणी वैमानिकाच्या हाती उंचीही नसते आणि वेळही.

हे पाणी येते कोठून? रात्रीच्या गारव्यात अर्ध्या रिकाम्या टाकीतील दमट हवेतून पाण्याचे थेंब भिंतींवर जमतात, असे प्रत्येक पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते. म्हणून दिवसाच्या शेवटच्या उड्डाणानंतर टाकी भरून ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि ती चांगलीच आहे. परंतु जाणकार मेकॅनिकांचा संशय पहिल्यांदा दुसऱ्याच ठिकाणी जातो, तो म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्यावर. हे कडे उन्हाने कडक होऊन तडकले, की उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पंखावर पडलेला पाऊस सरळ आत झिरपतो. एका जोरदार सरीत जेवढे पाणी या वाटेने शिरते, तेवढे दवाने महिन्यातही जमणार नाही. काही रुपयांचे हे कडे वेळीच बदलणे, हा विमानाच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त विमा होय.

पिंपांतून इंधन वापरण्याची वेळ आली तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दूरच्या धावपट्ट्यांवर दोनशे लिटरच्या पिंपांचा काळ अजून पूर्णपणे सरलेला नाही. पिंप उभे ठेवले तर त्याच्या वरच्या काठाच्या आत पावसाचे पाणी साचते. दिवसा उन्हाने आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या फटीतून बाहेर पडते, रात्री थंडीने आकुंचन पावली की पिंप जणू श्वास आत घेते, आणि त्या श्वासाबरोबर काठावरचे पाणी आत ओढले जाते. बूच कितीही घट्ट असो, हे घडू शकते. म्हणून पिंपे आडवी ठेवतात, आणि तीही अशी, की दोन्ही बुचे घड्याळाच्या तीन आणि नऊच्या आकड्यांवर यावीत. म्हणजे ती आतून पेट्रोलाखाली बुडालेली राहतात व बाहेरची हवा किंवा पाणी आत शिरू शकत नाही. वापरण्यापूर्वी पिंप उभे करून ते किंचित तिरके ठेवावयाचे, गाळ व पाणी खालच्या कोपऱ्यात बसू द्यावयाचे, आणि पंपाची नळी तळापासून काही बोटे वर ठेवून वरच्या बाजूचे इंधन घ्यावयाचे. तळाचे शेवटचे काही लिटर सोडून द्यावे लागतात. काटकसरी माणसाला हे जड जाते, पण येथे काटकसर करण्यासारखे काही नाही.

पूर्वी नरसाळ्यात शॅमॉय चामडे ताणून त्यातून पेट्रोल गाळीत असत. पेट्रोलने भिजलेले अस्सल चामडे पेट्रोल जाऊ देते आणि पाणी अडविते. मात्र तेच चामडे आधी पाण्याने भिजले असेल तर ते पाणीही जाऊ देते, आणि कृत्रिम चामड्यात हा गुण मुळीच नसतो. शिवाय गाळणीतून वाहणाऱ्या पेट्रोलात विजेचा भार साचतो. म्हणून ही पद्धत अडचणीच्या वेळचीच समजली जाते.

या विजेच्या भाराची उपेक्षा करून चालत नाही. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, त्याच प्रकारे नळीतून आणि विशेषतः बारीक गाळणीतून वेगाने जाणारे पेट्रोल विद्युतभारित होते. हा भार टाकीत जमत जातो. पंपाची गाडी आणि विमान यांच्यातील विद्युतदाब भिन्न झाला, की नळीचे धातूचे तोंड टाकीच्या काठाजवळ येताच मधल्या हवेत ठिणगी उडू शकते, आणि नेमक्या त्याच जागी पेट्रोलाची वाफ उभी असते. यावर उपाय साधा आहे. झाकण उघडण्यापूर्वी एका तारेने विमान आणि पंप एकमेकांना जोडावयाचे. तारेचा चिमटा विमानाच्या रंगविरहित धातूवर लावावा लागतो, कारण रंगाचा थर वीज अडवितो. रंगीत पत्र्याला लावलेला चिमटा ही निव्वळ मनाची समजूत ठरते. भरणे संपून झाकण बसल्यानंतरच तार काढावयाची. नळीचे तोंड भरण्याच्या सबंध वेळात टाकीच्या काठाला टेकलेले राहिले पाहिजे. प्लॅस्टिकच्या बादल्या, डबे आणि नरसाळी यांना येथे मज्जाव असतो, तो त्यांच्यावर जमलेला भार कोठेही वाहून जात नाही म्हणून.

ज्या विमानांचे अंगच धातूचे नाही, त्यांच्या बाबतीत जोडणीची जागा अधिक विचारपूर्वक निवडावी लागते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने विकसित केलेले हंस हे दोन आसनांचे विमान तंतुमिश्रित द्रव्यांचे बनविलेले आहे. अशा विमानांत निर्मात्याने नेमून दिलेल्या धातूच्या बिंदूलाच तार जोडतात.

प्रत्यक्ष भरण्याचे काम हातांच्या सवयीचे आहे. शिकवणीची पुष्कळशी सेस्ना विमाने वरच्या पंखाची असल्यामुळे टाकीचे तोंड डोक्याच्या वर असते आणि शिडी लागते. इंजिन व विजेची कळ बंद, आत कोणी बसलेले नाही, अग्निशामक हाताच्या अंतरावर, अशी सिद्धता झाल्यावर मेकॅनिक नळी खांद्यावरून घेऊन शिडी चढतो. नळी पंखाच्या पुढच्या कडेवरून ओढीत नेली तर रंग खरवडला जातो आणि पातळ पत्र्याला पोचा येतो. म्हणून त्या कडेवर रबरी चटई किंवा जाड फडके टाकतात. तोंडाभोवती सुती कापड गुंडाळलेले असते. नायलॉन किंवा लोकर येथे चालत नाही, कारण घर्षणाने तीही विद्युतभारित होतात. नळीचे वजन हातानेच पेलावयाचे असते. ती तोंडात रोवून मोकळी सोडली, तर तिच्या भाराने तोंडाचे कडे वाकू शकते, आणि ती खोल ढकलली तर तळाला आपटते.

शेवटचे दोनतीन लिटर हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग. टाकी आतून सरळ पेटीसारखी नसते; पडद्यांमुळे तिचे कप्पे झालेले असतात आणि फेस व हवेचे बुडबुडे यांमुळे ती भरल्यासारखी दिसते. कुशल माणूस येथे प्रवाह अगदी मंद करतो, क्षणभर थांबतो, पातळी खाली बसू देतो आणि मग थोडे भरतो. नळी बाहेर काढताना तिचे टोक वर वळवून खाली कापड धरतो, कारण सांडलेल्या पेट्रोलातला बराच भाग टाकी उतू गेल्यामुळे नव्हे, तर नळीत उरलेल्या घोटभर द्रवामुळे सांडतो. पंखातील दोन टाक्या नळ्यांनी जोडलेल्या असतात. विमान थोडे कलते उभे असेल, तर वरच्या टाकीतून खालच्या टाकीत इंधन उतरत राहते आणि खालच्या बाजूच्या हवेच्या नळीतून ते टपकू लागते. म्हणून सेस्नाच्या मार्गदर्शिकेत इंधनाची कळ ‘दोन्ही’ऐवजी ‘डावी’ किंवा ‘उजवी’वर ठेवण्यास सांगितले आहे.

काठोकाठ भरलेली टाकी उन्हात ठेवली तरीही ती उतू जाते. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला सुमारे हजारात एक भागापेक्षा थोडे अधिक प्रसरण पावते. पहाटेच्या गारव्यात शंभर लिटर भरले आणि दुपारपर्यंत पंख पंधरा अंशांनी तापला, तर दीड लिटरहून अधिक पेट्रोलाला टाकीत जागा उरत नाही.

सांडलेले पेट्रोल काही क्षणांत उडून जाते आणि मागे निळसर डाग राहतो. हलके घटक उडतात, रंगद्रव्य आणि जड अंश मागे उरतात. हा डाग ताजा असतानाच सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा. कोरड्या फडक्याने खसाखसा घासणे ही वाईट खोड आहे. वाऱ्याकाच बहुधा ॲक्रिलिकची असते. तिच्यावर पेट्रोल पडले तर तिला केसासारख्या असंख्य चिरा पडतात आणि सूर्यासमोर पाहताना ती धुरकट होते. पेट्रोलने काच पुसण्याचा मोह म्हणूनच महागात पडतो. त्याच पेट्रोलने ग्रीस लागलेले हात धुण्याची कारखान्यांतील जुनी सवय तर सोडलेलीच बरी, कारण त्यातील शिशाचे संयुग कातडीतून शरीरात शिरते.

परंतु निळा डाग केवळ स्वच्छतेचा प्रश्न नसतो. तो वाचता येतो. भरण्याच्या तोंडाभोवतीचा ओघळ निष्काळजी हाताची खूण असते. पंखाच्या खालच्या बाजूला रिव्हेटांच्या ओळीवर उमटलेला डाग टाकीचा सांधा झिरपत असल्याचे सांगतो. आणि झाकणापासून मागच्या कडेपर्यंत लांबत गेलेला पट्टा दिसला, तर उड्डाणात त्या झाकणातून इंधन बाहेर खेचले जात होते असे समजावे. पंखाच्या वरच्या पृष्ठावर हवेचा दाब कमी असतो. विमान उचलले जाते ते त्यामुळेच. त्याच कमी दाबाने सैल झाकणातून पेट्रोल शोषले जाते. वरच्या पंखाच्या विमानात आत बसलेल्या वैमानिकाला हे दिसत नाही. म्हणून झाकण दुसऱ्याने लावले असले, तरी उड्डाणापूर्वी स्वतः शिडीवर चढून ते हाताने चाचपण्याचा नियम आहे. जो विमान नेहमी स्वच्छ ठेवतो, त्यालाच नवा डाग ओळखता येतो, हे वेगळे सांगावयास नको.

भरल्यानंतर लगेच नमुना काढून उपयोग नसतो. ढवळलेले पाणी आणि गाळ तळाशी बसण्यास थोडा अवधी द्यावा लागतो. मग प्रत्येक टाकीच्या तळाच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन घेतात. ते स्वच्छ, चकचकीत आणि निळे असले पाहिजे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळ्या थरात किंवा गोळ्यांसारखे दिसते. येथे नवशिक्याची एक हमखास फसगत होते: पेला संपूर्ण पाण्याचाच भरला, तर त्यात थर दिसत नाही आणि सारे काही निर्मळ वाटते. म्हणून रंग पाहावयाचा आणि वासही घ्यावयाचा. हा नमुना तपासून झाला, की जमिनीवर भिरकावून देण्याची पद्धत पूर्वी सर्वत्र होती. एका पेल्याने काय होते, असे वाटणे साहजिक आहे. पण शाळेतील प्रत्येक विमानाच्या प्रत्येक टाकीतून, दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षे तेच झाले, तर मातीत साचणारे शिसे कोठेही जात नाही. जक्कूरचे तळे त्या विमानतळापासून फार दूर नाही. आता नमुने वेगळ्या डब्यात जमा करणे हीच रीत मानली जाते.

इंधन किती भरावे, हा प्रश्न वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. दमट हवेचा विचार केला तर टाकी भरलेली बरी. वजनाचा केला तर नेहमीच नव्हे. शिकवणीसाठी जगभर वापरले गेलेले सेस्ना १५२ हे विमान जास्तीत जास्त ७५७ किलो वजनाने उडू शकते. त्यात रिकाम्या विमानाचेच वजन पाचशे किलोंच्या वर असते. दोन धिप्पाड माणसे बसली, की भरलेल्या टाकीला फारशी सवलत उरत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथली हवा विरळ असल्यामुळे साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती मुंबईच्या मानाने जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते, पंखालाही आधार कमी मिळतो आणि धावपट्टी अधिक लागते. त्यामुळे तेथे दहा-वीस लिटरांचा हिशेब पुस्तकी राहत नाही.

या हिशेबात मापांचा घोटाळाही दडलेला असतो. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरांहून थोडा मोठा, अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरांच्या जवळपास. पंपाचा मीटर लिटरमध्ये, विमानाचा काटा गॅलनमध्ये आणि वजनाचा तक्ता पौंडांत, असा प्रसंग अजूनही येतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान पौंड आणि किलो यांच्या गोंधळामुळे निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले, आणि दोन्ही इंजिने हवेत बंद पडल्यावर गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरले. लहान विमानातील इंधनाचा काटा तर विश्वासास फारच थोडा पात्र असतो. मोजकाठी टाकीत बुडवून पातळी पाहणे, ही पद्धत जुनी असली तरी अद्याप तिला तोड निघालेली नाही.

चुकीचे इंधन भरले जाण्याचा धोका मात्र सर्वांहून भयंकर म्हणावा लागेल, कारण रॉकेलच्या जातीचे इंधन पेट्रोलात मिसळले तर इंजिन सुरू होते आणि काही काळ चालतेसुद्धा. १९७८ मध्ये बॉब हूवर या विख्यात अमेरिकन वैमानिकाच्या दोन इंजिनांच्या विमानात जेटचे इंधन भरले गेले. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिने बंद पडली. हूवर यांनी विमान एका घळीत उतरविले आणि सर्वजण वाचले. ज्या तरुणाकडून ती चूक झाली होती, त्याच्याकडे हूवर गेले ते दुसऱ्या दिवशीच्या विमानात इंधन त्यानेच भरावे हे सांगण्यासाठी. पुढे जेटच्या पंपाचे तोंड रुंद व चपटे आणि पेट्रोलाच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली, ज्यामुळे एक दुसऱ्यात जाऊच नये. साध्या कागदावरही परीक्षा होते: शुद्ध विमानी पेट्रोलाचा थेंब उडून जातो, जेटच्या इंधनाचा तेलकट ठिपका मागे राहतो.

मोटारीचे पेट्रोल वापरण्याविषयी विचारणा वारंवार होते. हंस विमानातील रोटॅक्स जातीच्या इंजिनांसारखी काही इंजिने ते चालवून घेतात. किंबहुना शिशाचे थर त्यांत साचत नाहीत, हा एक लाभच होय. पण भारतातील मोटारीच्या पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषून घेते. ते पाणी पेट्रोलात विरघळून राहते आणि काचेच्या पेल्यात दिसत नाही. विमान वर चढून इंधन थंड झाले, की ते एकदम वेगळे होऊन तळाशी बसू शकते. शिवाय इथेनॉलने काही रबरी नळ्या व टाकीचे लेप फुगतात. शिसेविरहित विमानी पेट्रोलाचे प्रयत्नही चालू आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये शंभर प्रतीच्या अशा एका इंधनाला पिस्टन विमानांसाठी मान्यता मिळाली, परंतु ते सांडल्यास विमानाचा रंग डागाळतो व सुटतो अशा तक्रारी पुढे आल्या. तोपर्यंत टाकीच्या झाकणाजवळ चिकटविलेली लहानशी पट्टी, जिच्यावर इंधनाची प्रत आणि टाकीचे माप लिहिलेले असते, तीच अंतिम आज्ञा मानावी लागते. पेट्रोलाचे ओघळ लागून या पट्टीवरील अक्षरे पुसट होतात. तशी ती झाली की नवी पट्टी लावणे हे इंधन भरणाऱ्याच्याच कामात मोडते.